चार बोटं जास्त

किशनलाल शेठजींच्या दुकानात मी अडतीस वर्षं कापड फाडलं. मोजायचं, कात्रीनं चिरा द्यायचा आणि एका झटक्यात सरळ फाडायचं. ह्यापलीकडे मला काही येत नाही आणि शिकायची हौसही नाही. तरी आज माझ्या नखांत काळं ग्रीस आहे, हात दाखवल्याशिवाय बायको मला ताटावर बसू देत नाही, आणि ह्या सगळ्याला एकच माणूस जबाबदार आहे. तो एकाहत्तर वर्षांचा आहे, पांढरंशुभ्र धोतर नेसतो आणि गोदावरीच्या गाळात सहा चाकांची गाडी चालवतो.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पाच पिढ्या जालन्यात काढल्यावर आता राजस्थान फक्त लग्नपत्रिकेत उरलंय. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान. दुकानाला त्यांच्या आजोबांनी घालून दिलेली एक रीत होती. मोजून झालं की कापडावर चार बोटं आडवी ठेवायची आणि त्याच्या पुढं चिरा द्यायचा. गिऱ्हाइकाला चार बोटं जास्त. धुतल्यावर कापड आटलं तरी कुणा बाईचं पोलकं तोकडं पडू नये. चव्वेचाळीस वर्षांत माप कमी भरलं म्हणून दुकानात कुणी परत आलं नाही, आणि ही गोष्ट शेठजी ओळखीच्याला तर सांगतच, पण बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही अंबड यायच्या आत सांगून मोकळे होत.

चार वर्षांपूर्वी त्यांनी गादी मुलाकडे दिली. पारस चांगला मुलगा आहे, त्याला नावं ठेवायला मला जागा नाही. त्यानं कॉम्प्युटर आणला, तयार कपड्यांचा माळा काढला, धंदा वाढवला. शेठजी मात्र रोज येऊन गादीच्या कोपऱ्यात बसायचे. गिऱ्हाईक आलं की "या, बसा" म्हणायचे आणि गिऱ्हाईक पारसकडे बघायचं. एकदा कापडाची ठाणं चुकीच्या खणात लागलीत म्हणून त्यांनी अख्खी भिंत नव्यानं लावली. दुसऱ्या दिवशी पारसनं ती होती तशी परत लावून घेतली, तीही माझ्याकडूनच. मग एके दिवशी तो म्हणाला, "बाबूजी, आता तुम्ही आराम करा." बोलला अगदी मायेनं. पण धडधाकट माणसाला आराम करा म्हणणं म्हणजे त्याला उचलून माळ्यावर ठेवणं. पुढच्या सहा महिन्यांत शेठजी निम्मे झाले. दुपारभर घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा मोजायचे, आणि संध्याकाळी मी घरी निघालो की आज किती गेल्या ते मला सांगायचे. मला ते ऐकवत नसे.

मग आली बेडकी.

शहागडला नदीकाठी जालन्याच्या व्यापाऱ्यांनी चालवलेली एक छोटी गोशाळा आहे आणि शेठजी तिचे विश्वस्त. नदीच्या पोटात एक उंचवटा आहे. खालच्या बंधाऱ्यात पाणी अडवलं की त्याचं बेट होतं. तिथं उन्हाळाभर हिरवं असतं म्हणून गोशाळेच्या तीसेक भाकड गाई तिकडंच चरतात. त्यांना पेंड, मीठ आणि औषध पोचवायचं तर वाटेत अर्धं पाणी आणि अर्धा गाळ. नाव गाळात रुतते, ट्रॅक्टर पाण्यात बसतो. शेठजींनी कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टवरून ही गाडी आणली. टबासारखं अंग, सहा फुगलेली चाकं. जमिनीवर पळते, पाण्यात तरंगते आणि गाळातून लोळत जाते. गावानं पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं.

आणि ती चालवायची कुणी, तर शेठजींनी. वय वर्षं अडुसष्ट, जन्मात कधी स्कूटरला हात लावलेला नाही. आठवड्यातले चार दिवस आम्ही जालन्याहून जीप करून निघायचो, अंबड, वडीगोद्री करत शहागड गाठायचो. परतताना दिवस बुडायच्या आत वडीगोद्रीला थांबून डबा खायचो, कारण शेठजी जैन, सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. आम्ही म्हणजे ते आणि मी. मी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "बरोबर पोहणारा माणूस पाहिजे." मला पोहता येतं का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. येत नाही.

पण खरं सांगतो, माणूस बदलला. इंजिनाचा आवाज आला की बेटावरच्या गाई काठाला येऊन उभ्या राहायच्या. शहागडच्या फाट्यावरचे ट्रकवाले "शेठ, आज पाणी किती?" म्हणून विचारायचे. त्यांचा आवाज परत पहिल्यासारखा मोठा झाला. रिक्षा मोजणं बंद झालं. तीन वर्षं अशी गेली.

यंदाच्या चैत्रात एका सकाळी आम्ही पेंडीची पोती घेऊन निघालो. मधोमध पोचलो आणि गाडीच्या पोटात फटाक् असा आवाज झाला. बेडकी एका जागी डावीकडे गोल फिरायला लागली, जात्यासारखी. डाव्या बाजूची मुख्य चेन तुटली होती. उजवी चाकं रेटत होती आणि डावी मेली होती. शेठजी हँडल पिळत होते आणि मी नवकार मंत्र म्हणत होतो. मी जैन नाही, पण त्या वेळी जो देव जवळ होता तो मी धरला.

दोन तासांनी धर्मराजनं दोर टाकून, ट्रॅक्टर लावून आम्हाला ओढून काढलं. धर्मराज काठावरचा शेतकरी. पंचक्रोशीतली मळणीयंत्रं त्याच्या हातावर चालतात. त्यानं काही विचारलं नाही, फक्त मला कोरडा टॉवेल दिला. पण काठावरच्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता आणि आम्ही वडीगोद्रीला डबा उघडायच्या आत तो जालन्यात पोचला होता.

घरी पारस दारातच उभा होता. बापलेक आपसात मारवाडीत भांडतात. अडतीस वर्षांत मला ती सगळी समजायला लागली आहे, म्हणून इथं मराठीत लिहितो.

"बस झालं बाबूजी. आज बुडाले असते तुम्ही."

"बुडालो कुठं? तरंगती गाडी हाये ती."

"मी गिऱ्हाईक बघितलंय तिला. एक शेतघरवाला हाये, पोरांना फेऱ्या मारायला पाहिजे त्याला. देऊन टाकू."

शेठजी नदीत घाबरले नव्हते. ह्या वाक्याला घाबरले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. गाडी गेली की परत तो ओटा आणि परत त्या रिक्षा, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

"पंधरा दिवस दे," ते म्हणाले. "पंधराव्या दिवशी रविवार हाये. तुझ्या गिऱ्हाइकाला घेऊन ये, अन् तू माझ्याजवळ गाडीत बस. बेटावर जाऊन, कुणी दोर न लावता परत आलो तर गाडी राहील. न्हाई तर तिथूनच घेऊन जा म्हणावं त्याला."

तेव्हा आतून प्रेमबाई आल्या. त्या शेठजींच्या पत्नी, मी त्यांना भाभी म्हणतो. कमी बोलतात आणि बोलल्या की विषय संपतो. "पारस, मंजूर म्हण," त्या म्हणाल्या. पारस मंजूर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धर्मराजनं गाडीच्या तळाचे पत्रे उघडले. दोन्ही बाजूंना तीन-तीन चेनी. एक इंजिनाकडून मधल्या चाकाला, एक मधल्यातून पुढच्या चाकाला, एक मागच्याला. त्यानं एकेक चेन चिमटीत धरून दातेरी चक्रावरून वर ओढली. चेन आणि दात्याच्या मधून पलीकडचा उजेड दिसला.

"शेठ, तुटली एक, पण गेल्यात सगळ्या."

"मंग सध्या एकच बदलू. जल्दी होईल."

"जोडीतला एक बैल नवा अन् एक थकलेला जुंपला तर नांगर कुठं जातो?"

"वाकडा," शेठजी म्हणाले.

"मंग सहाच्या सहा."

पण त्याच संध्याकाळी धर्मराजला भाचीच्या लग्नासाठी परभणीकडं निघायचं होतं. मामा म्हणजे आठ-दहा दिवस सुटका नाही. "मी येईस्तोर चेनी उतरवून डिझेलात धुऊन ठेवा," तो जाताना म्हणाला. "नव्या मागवायचं मी आल्यावर बघू."

आल्यावर बघू, हे शब्द शेठजींना पचत नाहीत. दोन दिवस आम्ही चेनी धुतल्या. धोतर काळं झालं, ते घरी गेलं, आणि भाभींनी भलताच प्रश्न काढला: ह्या ग्रीसमध्ये जनावराची चरबी तर नाही ना? असेल तर गाडी घरातली माणसं चालवणार नाहीत. धर्मराजला फोन लावला. मागं बँड वाजत होता. "चरबी न्हाई भाभी!" तो अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला. "खनिज तेलाचं हाये! बिलकुल शाकाहारी!" भाभींचं समाधान झालं.

तिसऱ्या दिवशी शेठजी म्हणाले, "संपत, दुकानातला पितळी मीटर घेऊन ये."

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. गोशाळेच्या ओसरीत आम्ही पांढरी चादर अंथरली. शेठजींनी चेनीचं एक टोक धरलं, मी दुसरं. ताणून, कुठं सुरकुती न ठेवता, मीटरला लावली. लांब चेनी चार होत्या, एक मीटर छप्पन सेंटी. आखूड दोन होत्या, त्यातली न तुटलेली मोजली. आणि प्रत्येक माप संपलं तिथं माझी चार बोटं आपोआप आडवी पडली. मी शेठजींकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. "बराबर. तोकडी पडायला नको."

पुण्याच्या चेनवाल्याला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "कड्या किती?"

शेठजी हसले. "कड्या काय मोजता भाऊ? लांबी लिहून घ्या. चव्वेचाळीस वर्षं मापाचंच काम केलंय आम्ही."

माझीही छाती फुगली. दोन शहाणे एकत्र बसले की तिसऱ्या वेड्याची गरज पडत नाही.

दहाव्या दिवशी पार्सल आलं. नव्या चेनी तेलकट, काळ्या आणि देखण्या होत्या. आम्ही पहिली बसवली. ती खाली लोंबायला लागली, बापाची पँट घातलेल्या पोरासारखी. ताणायचा बोल्ट शेवटपर्यंत पिळला, तरी ढिलीच. चाक हातानं फिरवलं की चेन दात्यांवरून कटकट करत घसरायची. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. शेठजी एकीमागून एक लावून बघत राहिले.

तेवढ्यात धर्मराज आला. शर्टावर अजून हळदीचा डाग होता. त्यानं चेनीकडे बघितलं, मग चादरीकडे, मग मीटरकडे.

"शेठ, ह्यानं मोजली?"

"मंग कशानं मोजायची?"

धर्मराज हसायला लागला. हसता हसता गुडघे धरून खालीच बसला. मग त्याला शेठजींचा चेहरा दिसला आणि तो एकदम थांबला.

"शेठ, लोखंड लांब होत न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "कड्यांमधल्या पिना झिजतात. एकेक पिन केसाएवढी. ऐंशी कड्यांचे ऐंशी केस झाले की चेन दोन कड्यांएवढी वाढलेली दिसती. जुनी चेन मीटरला लावली की ती खोटंच बोलणार. तिच्या कड्या मोजायच्या असतात." मग त्यानं नव्या चेनीच्या कड्या मोजल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शहाऐंशी. दोन कड्या जुनीनं वाढवल्या, ते ठीक हाये. ह्या वरच्या चार कुठून आल्या?"

मी माझी चार बोटं मुठीत घेतली.

शेठजी उठले आणि गोठ्याच्या कठड्यावर जाऊन बसले. एरवी दुसरं काही असतं तर मी चेष्टा केली असती. पण त्यांच्या हातून माप चुकलं होतं, आणि पाच दिवस उरले होते. परत येताना वडीगोद्रीला जीप थांबली, मी डबा पुढं केला, त्यांनी नको म्हणून हात हलवला. दिवस बुडाला. म्हणजे आता सकाळपर्यंत उपास. मीही डबा तसाच बांधून ठेवला.

जीप निघाली तेव्हा मला राहवलं नाही. "शेठजी, ती चार बोटं माझी होती. हाताला सवय. मी जन्मभर दुसरं काही केलंच न्हाई."

"बोटं तुझी होती," ते म्हणाले, "पण मान माझी डोलली."

अंबड मागं पडलं. मग अंधारात त्यांचा आवाज आला, "संपत, कापड तोकडं फाडलं गेलं तर काय करतो आपण?"

"काय करणार? गेलं ते. जोड लावून कुणी घेत न्हाई."

"अन् जास्त फाडलं गेलं तर?"

"तर कापून..." मी म्हणालो आणि थांबलो.

"चेन जास्तीची आली हाये," शेठजी म्हणाले. "तोकडी असती तर मेलो असतो आपण. परत मागवायला दिवस कुठं होते?" आणि ते खो खो हसायला लागले. "आजोबा शहाणा माणूस होता रे!" ड्रायव्हरनं दचकून आरशात बघितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी डबा काढून उरलेल्या सगळ्या पुऱ्या खाल्ल्या. मला सूर्याची अट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेठजी धर्मराजच्या दारात हजर. "मला शिकव," ते म्हणाले. "तू नुसतं बस. हात माझे लागले पाहिजेत."

धर्मराजनं शिकवलं. आधी मोजणं. शेठजींनी जुनी चेन पुढ्यात घेतली, कडीवर बोट ठेवलं आणि व्यापारी जशी धान्याची मापं मोजतो तशी सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन, चार..." आमच्याकडे मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ऐंशी भरल्या. परत मोजल्या, ऐंशी. मग मला मोजायला लावल्या. मग नव्या चेनीवर ऐंशीव्या कडीला खडूची खूण केली आणि ती खूण बराबर आहे का हे बघायला धर्मराजच्या आईला, दुर्गाबाईंना, घरातून बोलावलं. म्हातारीनं चष्मा लावून ऐंशी मोजल्या आणि म्हणाली, "बराबर हाये. आता तोडा बाबा एकदाची."

मग तोडणं. कडीच्या पिनेवर लोखंडी पंच उभा धरायचा आणि हातोड्याचा एकच नेमका घाव घालायचा. शेठजींचा पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसरा चादरीवर. तिसऱ्याला पिन अर्धी बाहेर आली आणि शेठजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही दुकानाची पहिली बोहनी झाली. चार दिवस हेच चाललं. सहा चेनी तोडल्या, टोकं जोडणारं लॉक बसवलं, चक्रांवर चढवल्या, बोल्टनं ताणल्या. एक चक्र एका बाजूनं झिजलं होतं, ते धर्मराजनं उलटं करून बसवायला सांगितलं, म्हणजे दात्यांची कोरी बाजू कामाला येते. शेठजी संध्याकाळी थकून जायचे आणि सकाळी माझ्या आधी तयार असायचे. अंगठ्याचं नख काळं पडलं, ते त्यांनी दुकानात जाऊन सगळ्या नोकरांना दाखवलं.

"एक ध्यानात ठेवा," शनिवारी धर्मराज म्हणाला. "नवी चेन पहिल्या फेरीत बसती अन् जरा ढिली पडती. टकटक आवाज आला की लगेच थांबायचं, ताणायची, मंग पुढं. तशीच पळवली तर दात्यावरून उडंल, अन् मधोमध उडाली तर परत मला दोर घेऊन यावं लागंल."

रविवारी पारस आला. पांढरी पँट, नवी चप्पल. बरोबर तो शेतघरवाला, काळा चष्मा लावून. त्यानं बेडकीभोवती एक चक्कर मारली आणि चाकाला लाथ मारून बघितली, बैल घेताना मारतात तशी थाप नाही, चांगली लाथ. मला तो तेव्हाच आवडला नाही. धर्मराज काठावर उभा होता, दोर पाठीमागं धरून. "लागणार न्हाई," तो माझ्या कानात म्हणाला, "पण असू दे."

शेठजी पुढं बसले, शेजारी पारस, मागं पेंडीच्या पोत्यावर मी. बेडकी काठावरून उतरली, पाण्यात डुलली आणि सरळ निघाली. वाकडी नाही, अडखळत नाही. गाळ आला, चाकांनी गाळ मागं फेकला आणि आम्ही पुढं. पारसनं दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या होत्या. इंजिनाचा आवाज ऐकून गाई काठाला आल्या. शेठजी उतरले तर एक पांढरी गाय त्यांचा सदरा चाटायला लागली, दुसरीनं पोत्यात तोंड घातलं. "सरक गं, सगळ्यांना हाये," शेठजी तिला दटावत होते. पारस हे सगळं बघत उभा होता. तीन वर्षांत तो इथं एकदाही आला नव्हता. लग्नसराई, दिवाळी, शाळांचे गणवेश, त्याला सवड कधी मिळणार? मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो बापाकडे.

परत निघालो. निम्म्याहून जास्त वाट झाली. समोर काठ दिसत होता, धर्मराज दिसत होता, काळा चष्मा दिसत होता. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर उरलं होतं.

आणि टकटक आवाज यायला लागला.

शेठजींनी मान तिरपी करून ऐकलं. डावीकडची, मागची. वाटेत एक वाळूचा पट्टा वर आला होता. त्यांनी बेडकी त्याच्यावर चढवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" पारस घाबरून म्हणाला.

"चेन ढिली पडली. ताणतो."

"बाबूजी, काठ समोर हाये! चालवा तशीच. इथं थांबले तर तो म्हणंल, बंद पडली."

मीही मनात तेच म्हणत होतो. दोन मिनिटांचा प्रश्न होता. ती उडाली नसती तर गाडी आमची होती. उडाली असती तर गेली असती, पण नसती उडाली तर? शेठजी, चालवा ना, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"म्हणू दे त्याला," शेठजी म्हणाले. "ढिली चेन मी पळवणार न्हाई."

त्यांनी खाली उतरून धोतर खोचलं, तळाचा पत्रा उघडला आणि पोटावर आडवे झाले. मी पान्यांची पिशवी पुढं सरकवली. पाना फिरत होता, ग्रीस कोपरापर्यंत चढत होतं, आणि त्यांना आमची शुद्धही नव्हती. दर दोन आट्यांनी ते चेन बोटानं दाबून बघायचे, मान हलवायचे, परत पाना लावायचे. पारस वाकून बघत होता. बापाला त्यानं आयुष्यभर गादीवर बसलेलं बघितलं होतं, आणि मग ओट्यावर. असं पालथं पडून, ओठ दाताखाली धरून, एका बोल्टशी झटताना कधीच बघितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठं गेला ते मला कळलं नाही, पण गेला हे नक्की.

त्याचा फोन वाजला. काठावरून तो शेतघरवालाच करत होता. फोनवरचा त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "काय पारसशेठ, बंद पडली ना? मी सांगतच होतो. आता थोडं कमी-जास्त करा, मी आजच टेम्पो बोलावतो."

पारसनं खाली बघितलं. बापाच्या कोपरांना वाळू चिकटली होती.

"बंद न्हाई पडली," तो फोनमध्ये म्हणाला. "बाबूजी काम करून राह्यलेत. तुम्ही निघा, आमची वाट बघू नका."

त्यानं फोन खिशात टाकला. मला इतकं भरून आलं की मी तोंड फिरवून उगाच बेटावरच्या गाई मोजायला लागलो. खाली पाना एक क्षण थांबला होता. शेठजींनी सगळं ऐकलं होतं. पण ते वर बघेनात, आणि आवाज आला तो नेहमीचाच, गादीवरून नोकराला हाक मारावी तसा मोठा:

"पारस, उभा काय राह्यलास? इकडं बस अन् ही चेन वर उचलून धर."

पारस पांढऱ्या पँटीसकट ओल्या वाळूत बसला आणि दोन्ही हातांनी चेन धरली.